वॉफलचं पीठ

“नाना, तिथंच थांबा. कानामागे राहिलंय अजून.”

पल्लवीने ओट्याजवळूनच सांगितलं. नानांनी आत टाकलेला पाय मागे घेतला, जिना उतरून ते पुन्हा खाली मोरीवर गेले आणि त्यांनी डोक्यावरून दोन तांबे ओतून घेतले. गुडघे कुरकुरत होते, पण बोलायची सोय नव्हती. सून काही वावगं सांगत नव्हती. आणि खरं बोलणाऱ्या माणसाशी भांडायला जो जोर लागतो, तो नानांच्यात आता उरला नव्हता.

नानांची, म्हणजे रंगनाथ यांची, सिडकोत पवननगरला पिठाची गिरणी होती. खाली गिरणी, वर राहायच्या खोल्या. विंचूरची वाटणीची जमीन भावाच्या हवाली करून ते नाशकात आले, तेव्हा त्यांचा योगेश शाळेत होता. गिरणीच्या जिवावर त्यांनी घर बांधलं, योगेशला आयटीआय करायला लावून अंबडच्या कंपनीत चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं. लोकांचे डबे घ्यायचे, दळायचे, झाकण लावून परत द्यायचे, यापलीकडे आयुष्यात त्यांनी काही केलं नाही आणि करायचं सुचलंही नाही. भुवया पिकल्यात की त्यांच्यावर पीठ बसलंय, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि अशा माणसाच्या नातीला गहू चालत नव्हता. देवाला कधीकधी चेष्टा करायची लहर येते, ती ही अशी.

तेजस्विनी, म्हणजे तेजू, योगेश-पल्लवीची एकुलती एक मुलगी. पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्या, असं तिचं दीड-दोन वर्षं चाललं होतं. जंताची औषधं झाली, नजर काढून झाली. आजीने, लंकाबाईंनी, हरसूलकडून आणलेला कुठलासा पालाही उकळून पाजला. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणखी काय काय तपासलं आणि सांगितलं, की गव्हातला चिकटपणा पोरीच्या आतड्याला सोसत नाही. जन्मभर गहू बंद. चिमूटभरसुद्धा नको. आतडं सोलवटलंय, तेव्हा सध्या दूधही नको. मग त्यांनी सहज विचारलं, “घरी व्यवसाय काय?”

योगेश पायातल्या चपलेकडे बघत राहिला. नानाच म्हणाले, “गिरणी हे. पिठाची.”

डॉक्टर लिहायचे थांबले. नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. ती नजर नानांना पुढे कितीतरी दिवस खात होती.

पल्लवीने तेव्हाच इंदिरानगरला भाड्याची खोली बघायचं काढलं होतं. नानांनी तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले. म्हणाले, मी पिठाच्या कपड्यांनी वर येणार नाही, अंघोळ खाली करीन, वरच्या खिडक्यांना जाळ्या लावू, पोरीची भांडी वेगळी ठेवू, पण तिला नेऊ नका. पल्लवी विरघळली. आणि खरोखरच चार महिन्यांत तेजूच्या गालांवर मांस आलं. पण ती भाड्याची खोली पल्लवीच्या मनातून गेली नव्हती, हे नाना ओळखून होते. तेजू या घरात राहणार की नाही, एवढी एकच गोष्ट आता त्यांना जगात महत्त्वाची वाटत होती.

आजचा खटाटोप वॉफलचा होता. शाळेत सगळ्या पोरी पोळीभाजीचे डबे उघडत, एकमेकींचं खात, आणि तेजू बाकाच्या टोकाला बसून भाकरी नाहीतर तांदळाचं धिरडं खाई. तिच्याकडे कुणी मागत नसे आणि ती कुणाचं घेऊ शकत नसे. कार्टूनमधली मुलं चौकटीचौकटीचं काहीतरी मधात बुडवून खातात, तसलं वाढदिवसाला शाळेत न्यायचं, एवढाच तिचा हट्ट होता. पल्लवीच्या बहिणीने, मोहिनीने, मुंबईहून त्याचं विजेचं यंत्र पाठवलं. योगेशने सायबर कॅफेतून कृती छापून आणली. ती व्हीगन होती आणि ग्लूटेन-फ्री होती.

“म्हंजी काय गं?” लंकाबाईंनी विचारलं.

“म्हणजे दूध नाही, तूप नाही, अंडं नाही, आई. आणि गहू नाही.”

“मंग उपास म्हण की सरळ. कशाला येवढी इंग्रजी नावं!”

लंकाबाई माळकरी. अंडं त्यांच्या घरात तसंही येत नव्हतं. अंड्याच्या जागी पल्लवीने जवस कुटून भिजवला होता, दुधाच्या जागी नारळाचं दूध होतं, आणि गोडीला गूळ आणि कुस्करलेलं केळं. नाना दुसऱ्यांदा वर आले, तेव्हा ती यंत्राचं झाकण उचलत होती. वॉफलचे दोन भाग झाले, एक वर चिकटला आणि एक खाली.

“पुन्हा फाटलं,” तेजू म्हणाली. ती रडत नव्हती. न रडायची तिला सवय झाली होती, हेच नानांना बघवत नव्हतं.

पल्लवीने सुरीने तुकडे खरवडले. लाइट जायच्या आत आणखी एकदा करून बघू, म्हणाली, आणि तेही फाटलं. तिच्या पाठीला घाम आला होता. योगेशच्या कंपनीतल्यासारखी तिचीही रात्रपाळी चाले. तेजूचं वेगळं दळण, वेगळं रांधणं, वेगळं घासणं, सगळं तीच करत होती.

नानांनी पिठाच्या भांड्याकडे लांबून पाहिलं. “मिक्सरवर काढलं का तांदूळ?”

“मग कुठे काढू?”

“रवाळ हे ते. धरणार नाय. बारीक पाहिजे, पार भुकटी.” ते थांबले आणि मग म्हणाले, “मी देऊ का काढून? उपासाच्या गिरणीवर?”

पल्लवीचा हात थांबला.

नानांच्या गाळ्यात दोन गिरण्या होत्या. मोठी गहू-ज्वारीची. दुसरी लहान, कोपऱ्यात, प्लायवुडच्या आडोशामागे. तिच्यावर वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सोवळ्याचे तांदूळ एवढंच दळलं जाई. एकादशीच्या आदल्या दिवशी पार राजीवनगरहून बायका डबे घेऊन येत. ‘रंगनाथनानांच्या उपासाच्या गिरणीला गव्हाचा कण शिवलेला नाही’ ही त्यांची ख्याती होती. माणसाला एखादी तरी गोष्ट मिरवायला लागते. नानांच्या वाट्याला ही आली होती.

“तिच्यात गहू पडत नाय, पल्लवी. इतक्या बायांचे उपास तिच्यावर चालू हेत. पोरीच्या बाबतीत मी खोटं बोलीन का?”

पल्लवीने यंत्राला चिकटलेल्या लगद्याकडे पाहिलं, तेजूकडे पाहिलं. “नाना, तुमच्या भरवशावर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात विश्वासापेक्षा थकवा जास्त होता.

त्या संध्याकाळी नानांनी मोठी गिरणी लवकर बंद केली. आडोसा धुतला, लहान गिरणी खोलली. पीठ भुकटीसारखं यायचं तर दगड खरखरीत हवेत, म्हणून त्यांनी दोन्ही दगड काढून मांडीशी घेतले आणि छिन्नीने टाकी लावली. मान अवघडली, डोळ्यांत कच गेली, तरी उठले नाहीत. कुणी दळणाला इतका वेळ देतं का, असं लंकाबाई वरून दोनदा ओरडल्या. मग दगड बसवले, कच निघून जावी म्हणून मूठ-दोन मुठी दाणे टाकून दळले, ते पीठ फेकून दिलं, ब्रशने सगळं झाडलं, नवी कापडी नळी बांधली आणि तांदूळ टाकले. पहिलं शेरभर पीठही त्यांनी घेतलं नाही. मग जे उतरलं, ते दोन बोटांत धरलं तर लागतही नव्हतं. असं पीठ आपण आयुष्यात कधी काढलं नव्हतं, असं नानांना वाटलं.

रविवारी वाढदिवस होता; शाळेत सोमवारी न्यायचं ठरलं होतं. पल्लवीने पीठ कालवलं, यंत्र तापवलं. झाकण उचललं आणि अख्खा वॉफल सुटून आला. पिवळसर तांबूस, काठाला कुरकुरीत, चौकटी अगदी कोरल्यासारख्या. तेजूने त्यावर काकवी ओतली. चौकटीचौकटीत ती कशी भरते, हे बघत बसली आणि मग दोन वॉफल खाल्ले. तिसरा अर्धा आजीला भरवला. नाना दारातच उभे होते. पल्लवीने हसून म्हटलं, “नाना, या ना आत.” त्या वर्षात तिने पहिल्यांदा असं बोलावलं होतं.

दुपार व्हायच्या आत तेजू ओकली. मग पुन्हा ओकली. पोट आवळून धरून ती पल्लवीच्या मांडीवर आडवी झाली आणि तिचा चेहरा पहिल्यासारखा मातकट झाला. योगेश रिक्षा आणायला धावला. पल्लवी एकेक डबा उघडून बघत होती. गूळ, जवस, काकवीची बाटली. तिला चूक स्वतःच्या हातात शोधायची होती.

नाना खाली येऊन बंद गिरणीत बसले. आपण काय केलं, ते क्रमाने आठवू लागले. धुतलं. झाडलं. टाकी लावली. दगड बसवले. कच काढायला दाणे टाकले.

दाणे कुठून घेतले?

कोपऱ्यात पत्र्याचा डबा होता. मोठ्या गिरणीभोवती सांडलेलं झाडून त्यात भरायचं, आणि दगडाला टाकी लावली की त्यातले मूठभर टाकून कच काढायची. कुठलाही गिरणीवाला असंच करतो. नानांच्या हाताने ते डोक्याला न विचारता केलं होतं. त्या डब्यात गहू होते. नेहमीच गहू असत. म्हणजे गेली कित्येक वर्षं, दर वेळी टाकी लावल्यावर, उपासाच्या गिरणीत पहिला घास गव्हाचाच पडत आला होता, आणि ते कधी त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढी काळजी घेतली नसती, टाकी न लावता तसेच तांदूळ काढले असते, तर कदाचित पोरीला इतका त्रास झालाही नसता.

त्यांना गप्प बसता आलं असतं. गुळातच काहीतरी होतं, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं असतं.

दवाखान्यातून तेजूला घेऊन सगळे परत आले, ती झोपली, तेव्हा नाना अंघोळ करून वर गेले आणि उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी सांगितलं.

“माझ्याकडून झालं, पल्लवी. कच काढायला गहू टाकले मी. हाताला सवय हे. कळलं नाय.”

पल्लवी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीला टेकून बसली.

“गिरणी बंद करतो,” नाना म्हणाले. “उद्यापासून. विकून टाकतो.”

“आणि भिंतींचं काय कराल, नाना? छताचं? तुमचा राग नाही मला. पण आता माझ्यात ताकद नाही हो. दिवसभर मी हवेकडे बघत बसते.”

“वेडे, माणसं हवा बघून जगत्यात का?” लंकाबाई रडत म्हणाल्या. पण त्यांनाही ठाऊक होतं, की ती दुसरं काय करणार.

महिनाअखेर टेम्पो आला. योगेशने सामान चढवलं, लंकाबाईंनी तांदळाच्या पापडांचा डबा दिला आणि लगेच परत घेतला, कारण ते पापड याच घरात लाटले होते. नानांनी सामानाला हात लावला नाही. रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान गिरणीवर पाटी लावली. उपवासाचे दळण बंद. समोरच्या वत्सलाबाई वरीचा डबा घेऊन आल्या, त्या पाटीपुढे थबकल्या.

“काय हो नाना, उद्या एकादशी आणि बंद?”

“गहू लागलाय या गिरणीला, वत्सलाबाई. लय वर्षांपासून लागू राहिला होता. मला आता समजलं.”

“अगंबाई! मग माझ्या इतक्या एकादश्या?”

“त्यांचं पाप माझ्याकडं. तुमचं पुण्य तुमच्याकडंच हे, काळजी करू नका.”

वत्सलाबाई डबा काखेत मारून तरातरा निघून गेल्या. चार दिवसांत ही बातमी राजीवनगरपर्यंत पोचली, आणि काही बायकांनी गव्हाचं दळणही दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. नानांनी कुणाला अडवलं नाही.

रविवारी गिरणी बंद. नाना पहाटेच अंघोळ करत, शिकेकाईने डोकं धूत, घासणीने नखं घासत. एक धोतर आणि सदरा लंकाबाईंनी वेगळ्या ट्रंकेत, गिरणीची हवा लागणार नाही असा ठेवला होता, तो घालत आणि इंदिरानगरला जात. तिथे गेल्यावर पुन्हा हातपाय धूत. पल्लवी आता त्यांना थांबवत नसे. ते आपणच दाराशी थांबत.

एका रविवारी गेले, तेव्हा आत वॉफलचं यंत्र तापलं होतं. पल्लवी आता घरीच छोट्या नव्या चक्कीवर तांदूळ काढू लागली होती. वॉफल थोडे जाडसर होत, पण सुटून येत. तेजू सांगत होती, की शाळेत सगळ्यांनी तिच्या डब्यातला तुकडा मागितला, आणि तिने एका मुलीला दिलाच नाही, कारण ती मुलगी तिला कधी शेजारी बसू देत नसे. सांगता सांगता ती नानांच्या मांडीवर चढली आणि तिने त्यांच्या सदऱ्यात नाक खुपसलं. मग मान वर केली.

“नाना, तुमचा वास कुठे गेला?”

“कसला गं?”

“गरम गरम यायचा तो.”

“धुऊन टाकला, बाई.”

“सगळा?”

“सगळा.”

तेजू त्यांच्याकडे बघत राहिली. हरवलेलं खेळणं घरातलं कुणीच शोधत नाही म्हटल्यावर पोरं बघतात, तसं. मग ती उतरून आत गेली आणि बशीत वॉफल घेऊन आली. नानांनी हात पुढे केला. बशी तिची होती, वेगळी ठेवलेली. नखं त्यांनी सकाळीच घासली होती, तरी त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

“हातात नको देऊ,” ते म्हणाले. “तूच भरव.”

तिने एक तुकडा मोडला, आणि नानांनी तोंड उघडलं.