चौथं पान

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने बावीस शर्टांची काजं केली. शेजारी मावशी बटणं लावत होती. दोघी बहिणी सकाळपासून एकमेकींना टोमणे मारत होत्या, म्हणजे सगळं नीट चाललं होतं.

"अक्का, हे काज बघ. डोळे मिटून केलंस का?"

"तुला बटण लावता येईना, आणि काज वाकडं होय?"

आईने मशीन थांबवलं, दात्यांत अडकलेला धाग्याचा भुसा फुंकला आणि म्हणाली, "अजून दोन हप्ते. मग हे आपलं. माझे डोळे अधू झाले की तू बस ह्यावर. चार पैसे जास्त सुटतील."

त्या दिवशी जाताना मशीनवर कापड मावशीने घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मशीनवरच मान टाकून गेली.

उरलेले दोन हप्ते मी भरले. मग एका सकाळी मशीन दिलेल्या कंपनीचा माणूस ढकलगाडी घेऊन दारात उभा राहिला. मावशी तेव्हा आईच्या स्टुलावर बसून काजं करत होती. तिला वाटलं, पावती आणली असेल.

"मुदत संपली, काकू. मशीन न्यायला आलोय."

"न्यायला? अहो, सगळं फिटलं की!"

"ते भाडं होतं. मुदत संपली की वस्तू कंपनीची. कराराच्या चौथ्या पानावर लिहिलंय."

"तुम्ही स्वतः हप्ताच म्हणत होतात," मी म्हणाले.

"बोलायची पद्धत असते, ताई. खरं काय ते कागदावर."

मावशी स्टुलावरून उठली नाही. समोर शर्टांचा गठ्ठा होता, संध्याकाळी द्यायचा. हाताने किती काजं होणार?

"आमच्या अक्काचं हे असंच," ती म्हणाली. "अक्षराशी वैर. कुणी बोट दाखवेल तिथे सही. स्वतः फसली, मलाही घेऊन बुडाली."

माणसाने समजूतदारपणे मान हलवली. "होतं असं. जुनी माणसं वाचत नाहीत."

"मावशी, तिला बोलू नकोस," मी म्हणाले. "सही करायच्या आधी तिनं ते कागद माझ्याकडे दिले होते. तू सगळं वाच, मगच करते, म्हणाली. मी कादंबरीत बोट घालून पहिलं पान बघितलं आणि म्हटलं, वाचलं, कर सही. मी वाचलं नव्हतं."