बिनचुंबकाचं लोखंड

शालन गेल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी माझं अंग लोखंडाचं झालं.

सकाळी मी मोटरीच्या कारखान्यात टेस्ट बेंचपाशी उभा होतो. माझी मेहुणी छबू हिचा दवाखान्यातून फोन आला. "दाजी, ताई म्हणती, यांना बोलवा, एक सांगायचंय." मी हात धुतले, गेटपास घेतला आणि निघालो. फाटकापाशी पोचलो तेव्हा तिचा दुसरा फोन आला.

फोन खिशात ठेवताना तो हाताला टणकन वाजला. तळहाताची कड बघितली तर पातळ पत्रे एकावर एक रचलेले दिसले, मधे वार्निशचा थर. दुखत नव्हतं. वॉचमन म्हणाला, "अण्णा, फरशी दबतीय की ओ तुमच्या पायाखाली." मी म्हटलं, "हो."

आमच्याकडं दोन जातीच्या मोटरी होतात. एकीच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, चुंबक बसवलेलं असतं. वीज बंद असताना तिचा शाफ्ट हातानं फिरवला तर तो खटके घेत फिरतो, कारण चुंबकाचं ओढणं कधी बंद होत नाही. दुसरीचा रोटर म्हणजे नुसतं दातेरी लोखंड. त्यात चुंबक नाही, तांब्याची तार नाही. तार असते ती भोवतीच्या कॉइलांत. ज्या कॉइलमध्ये करंट सोडला, तिच्याकडं लोखंडाचा दात ओढला जातो. तो अगदी समोर यायच्या जरा आधी ती कॉइल बंद करायची आणि पुढची चालू करायची. त्यामुळं तो कुठंच पोचत नाही आणि फिरत राहतो. करंट गेला की त्या लोखंडाला काही आठवत नाही.

मी त्या दुसऱ्या जातीचा झालो होतो.

स्मशानातून घरी आलो तर शालन ओट्यापाशी उभी होती. निळं पातळ, पदर खोचलेला. मला बघून तिनं बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडं ओढला गेलो, पाय उचलावे लागले नाहीत. हातभर अंतर राहिलं तेव्हा ती ओट्यापाशी नव्हती, खिडकीत होती. मी खिडकीकडं गेलो. ती कपाटापाशी गेली. मग दाराशी, मग मोरीपाशी, मग परत ओट्यापाशी. प्रत्येक ठिकाणी तिचे ओठ हलायचे, पण आवाज माझ्यापर्यंत यायच्या आत ती पुढं गेलेली असायची.

संध्याकाळपर्यंत मी एका चालीनं फिरायला लागलो होतो. पलंग आणि टेबल आपणहून भिंतीला सरकले. खोलीचे कोपरे गेले.

छबू दहावं-तेरावं होईपर्यंत राहायला आली होती. ती चुंबकाची झाली होती. तिच्या पदराला पिना, कात्री आणि लोखंडी उलथनं चिकटलेलं असायचं, आणि ती खटके घेत चालायची.

"दाजी, च्या."

"ठेव तिथं."

"ठेवून काय करू? तुम्ही थांबताय होय? पुढच्या फेरीला हात पुढं करा."

पुढच्या फेरीला मी कप घेतला. त्याच्या पुढच्या फेरीला रिकामा परत दिला.

"ताई असती तर म्हणाली असती, भोवऱ्याशी लगीन लावलंय माझं."

"तुला दिसती का ती?"

"दिसायला कशाला पाहिजे? माझं आतच आहे. तुमच्यासारखं बाहेरच्या करंटवर नाही."

मग माझ्या टाचेतून एक शाफ्ट निघाला, फरशीतून खाली गेला आणि बोळातल्या बोअरच्या पंपाला लागला. वरच्या मजल्याला नळाला कधी धार नसायची, तिथं बादल्या भरून वाहायला लागल्या. वरच्या खोतकाकू सुतकातला कडू घास घेऊन आल्या. पिठलं-भाकरीचं ताट धरून दारातच उभ्या राहिल्या.

"वाईट झालं हो अण्णा. सोन्यासारखी बाई." मी एक फेरी मारून आलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तेवढं सकाळच्याला जरा नेट लावा. धुणं असतंय."

शेजारचं जेवण येत होतं तोवर आमच्या घरात गॅस पेटला नव्हता. राख सावडून झाल्यावर छबूनं तो पेटवला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. चुंबक फार तापलं की त्याचं चुंबकपण जातं, आणि गार झाल्यावर परत येत नाही. मी ओट्याजवळून जाताना म्हटलं, "छबू, लांब हो. तापशील." तिनं पिठाच्या हातानं मला पुढं जायची खूण केली.

शेवटची भाकरी तव्यावरून उतरली आणि तिच्या पदरावरच्या पिना, कात्री, उलथनं सगळं एकदम खाली पडलं. ती वळली. तिची चाल आता गुळगुळीत होती.

"पाव्हणं, तुम्ही कोण?"

"शालनचा नवरा."

"कोण शालन?"

तिनं भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, पिशवी घेतली आणि मला वाट देऊन ती एसटी स्टँडकडं निघून गेली.

ती गेल्यावर भिंती आत यायला लागल्या. शालन आणि मी यांच्यात हातभर अंतर राहायचं ते वीतभर राहिलं, मग बोटभर, मग नखाएवढं. तिच्या अंगाची ऊब लागायची. बोलणं मात्र ऐकू यायचं नाही.

कारखान्यातला नदाफ भेटायला आला. मोटरीला करंट कधी द्यायचा आणि कधी तोडायचा हे बघणं त्याचं काम. आत यायला जागा नव्हती. त्यानं बरोबर आणलेला कंट्रोलरचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिला.

"वहिनी बरोबर टायमाला तुम्हाला सोडतायत," तो म्हणाला. "तुम्ही कुठं आलाय ते त्यांना नेमकं कळतंय. मला असं टायमिंग बसवता आलं नसतं."

"नदाफ, तिला उशिरा सोडू दे. तिला मला एक सांगायचंय. तेवढं ऐकू येईपर्यंत धरू दे."

"ज्या ओढीनं फिरताय तीच मग धरून ठेवंल. जागेवर थांबाल."

"थांबू दे."

"तुमचं काही जाणार नाही, तुम्ही लोखंड. करंट चालू राहून कॉइल जळती, अण्णा."

"मला ठाऊक आहे. थोडाच वेळ."

"एकदा धरलं की तोडायचं माझ्या हातात नाही. त्या तुमचंच ऐकणार. तुम्ही सोड म्हटलं तरच सोडतील. म्हणाल न्हवं?"

"म्हणीन."

त्यानं डब्यावरचं बटण जरासं फिरवलं.

मी खिडकीसमोर थांबलो. शालन समोरच होती आणि गेली नाही. वरून खोतकाकू ओरडल्या, "अण्णा, पाणी गेलं ओ!" बोळातून बायका कळशा घेऊन दाराशी जमायला लागल्या.

"अहो," शालन म्हणाली. तिचाच आवाज. "आपण सुताराकडं पाट करायला टाकले होते, बघा."

"हो."

"छबूचं लग्न ठरत होतं त्या साली."

"हो."

शालन कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची. मधलं काही गाळायची नाही. घाई केली तर परत पहिल्यापासून सुरू करायची.

"तर तो सुतार एकदा दुपारचा आला. तुम्ही कामावर गेला होता."

वार्निश तापल्याचा वास आला. तिच्या भांगातून धुराची बारीक रेघ वर चढत होती. निळ्या पातळाची किनार कडेनं तपकिरी झाली.

"अण्णा, म्हणा," नदाफ म्हणाला.

"त्याला मी पाणी दिलं," शालन म्हणाली. "तो पायरीवर बसला. मला म्हणाला, वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो."

"काय म्हणाला?"

"सांगते की. दम धरा." ती हसली. तिच्या बाहीला बारीक बारीक भोकं पडत होती आणि आतून तांबं दिसत होतं.

"अण्णा!" नदाफनं उंबऱ्यावर हात आपटला. "म्हणा सोड! वहिनी जळतायत!"

"तेव्हा मी मनात म्हटलं," शालन म्हणाली, "की हे यांना एकदा सांगायला पाहिजे."

एक शब्द म्हणायचा आहे. तो मी अजून म्हटलेला नाही.