पाऱ्याने पाहिलेला आगमनकाळ

पोटात थेंबभर पारा असलेला मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो. परदेशातल्या कारखान्यात माझी काच फुंकली गेली, अंगावर बारीक रेघा कोरल्या गेल्या आणि आगबोटीने मी निजामाच्या मुलखात आलो. गंगाखेडच्या एका लहान मिशन दवाखान्यात नर्स कस्तुराबाईंनी मला सांभाळले. महायुद्ध चालू होते. मी फुटलो असतो, तर दुसरा मिळाला नसता. त्या मला कापसात ठेवत. लोक मला कौतुकाने 'ताप सांगणारी काडी' म्हणत.

एका डिसेंबरात शांतम्माची मुलगी चन्नबसम्मा मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडने, तिथे पडून होती. या तापावर तेव्हा औषध नव्हते. दूध, पाणी, स्वच्छता आणि वाट पाहणे, एवढेच हाती होते. ख्रिस्ती मंडळींचा तो आगमनकाळ, नाताळाआधी प्रभूची वाट पाहण्याचे दिवस. कस्तुराबाई संध्याकाळी 'प्रभू, ये' अशी प्रार्थना करत; शेजारी लिंगायत शांतम्मा पूजेसाठी तळहातावर आपले इष्टलिंग घेऊन बसे. एकदा तिने विचारले, "तुमचा देव अजून यायचाच हाय म्हणता. मग माझ्या पोरीपाशी कोन हाय?"

कस्तुराबाईंनी पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

मी रोज एकशे तीन दाखवत होतो. एका सकाळी मात्र पारा सत्त्याण्णवाशीच थांबला. शांतम्माने हात जोडले, पण कस्तुराबाईंचा चेहरा उतरला. या तापात पारा असा एकाएकी खाली आला, तर आतड्यातून रक्त जात असण्याची भीती असते. त्यांनी नाडी पाहिली, पोट चाचपले. दोन्ही कालच्यासारखेच होते. पोरीला काही पाजले का, असे त्यांनी विचारले. नुकतेच लिंगाचे गार तीर्थ दिल्याचे शांतम्माने सांगितले. मी चुकलो नव्हतो. मी गार झालेले तोंड मोजले होते.

कस्तुराबाई रागावल्या नाहीत. थोडे थांबून त्यांनी मला पुन्हा मुलीच्या जिभेखाली ठेवले. एकशे तीन. शांतम्मा रडू लागली.

"रडू नका, शांतम्मा. आज ताप असलेलाच बरा. आत काई बिघडलं न्हाई. तुमी इचारलं व्हतं, पोरीपाशी कोन हाय म्हणून. तो आलेलाच हाय, बाई. न्हाईतर इतके दिस वाट बघायचं बळ आपल्याला कुठून यायलंय?" मग त्या म्हणाल्या, "तीर्थ द्या, पर काडी लावून झाल्यावर."

त्यानंतर पारा दिवसादिवसाने, अगदी सावकाश उतरला. नाताळाच्या सकाळी अंग निवले होते. चन्नबसम्माने भाकरी मागितली. आतडी अजून नाजूक म्हणून दूधच मिळाले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रुसली, आणि दोघी बाया कितीतरी दिवसांनी हसल्या.

आता मी एका खणात पडून असतो. मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याला उकळत्या पाण्यात टाकू नका, पुसून जपून ठेवा. आणि आकडा वाचून झाला, की लगेच उठून जाऊ नका. मला फक्त ताप कळतो. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसले आहे, ते मला मोजता येत नाही. तिथे बसायचे काम तुमचे आहे.