हातावरचा कण

ती मूठ उघडेना, म्हणून इनासमास्तरांनी तिचं मनगटच धरलं.

चर्चच्या बाजूच्या दारातून विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर भर सकाळी हा प्रकार चालला होता. आत मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपायची होती, पण दाराजवळच्या बाकांवरच्या बायका आता प्रार्थना सोडून बाहेर डोकावत होत्या.

"इस्पेरांस, मूठ उघड. काय नेतेस ते मला ठाऊक आहे."

"सोडा ओ मास्तर, पाया पडते. पडंल ना!"

"पडेल? म्हणजे आहे ना हातात?"

इनास रॉड्रिग्ज बंदराच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. दर शनिवारी ते चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पण त्यांचा खरा मान निराळाच होता. कोमुन्यांवच्या, म्हणजे पवित्र ओस्ती वाटण्याच्या वेळी फादर ती एकेकाच्या जिभेवर ठेवत, तेव्हा कण सांडू नये म्हणून हनुवटीखाली पितळी तबकडी धरायची ती मास्तरांनी. तीस वर्षं त्यांनी ती धरली. ओस्ती म्हणजे पिठाची रुपयाएवढी पातळ पांढरी चकती, पण वेदीवर एकदा पवित्र वचनं उच्चारली गेली की ती ख्रिस्ताचं शरीर, आणि तिचा कण न् कण ख्रिस्ताचं शरीर. यावर मास्तरांचं आणि नव्या फादर दमियनांचं दुमत नव्हतं. भांडण झालं ते हातावरून.

शहाऐंशी सालच्या उपवासकाळातल्या पहिल्या रविवारी फादरांनी जाहीर केलं, की ज्याला हवं त्याने ओस्ती तळहातावर घ्यावी आणि आपल्या हाताने तोंडात घालावी. कष्ट करणारे हात जिभेपेक्षा कमी पवित्र नसतात, असंही ते म्हणाले. फादर वसईकडचे, तिशीतले, बोलायला गोड. मास्तर मिस्सा संपल्याबरोबर त्यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले.

"फादर, लोक प्रसादासारखी पदराला बांधून घरी नेतील. आपल्या शेजारीपाजारी काय रीत आहे ते तुम्हाला माहीत नाही."

"तुमचा आपल्याच माणसांवर विश्वास नाही, मास्तर."

हे शब्द मास्तरांना फार लागले. तबकडी कपाटात गेली आणि मास्तर पुढच्या बाकावर आले. तिथे बसून त्यांनी डोळे मिटले नाहीत. एकेकाच्या हातावर पाळत ठेवली. शनिवारच्या वर्गात तर त्यांनी हाताच्या विषयाचा कीसच काढला. जुन्या काळी फादर बोटं धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचे, आता तुम्ही कण कुठे कुठे सांडणार आहात, असं ते बायकांना दरडावून विचारत होते. इस्पेरांस मागे भिंतीला टेकून ऐकत होती. काजूच्या फॅक्टरीत ती टरफलं फोडायची. त्या तेलाने तिचे तळहात काळे पडून भेगाळले होते आणि ते ती नेहमी पदराखाली ठेवायची.

तिसऱ्या रविवारी तिने तेच हात पुढे केले. पाठमोरी होती, त्यामुळे तिने ओस्ती तोंडात घातली की नाही ते मास्तरांना दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की ती डाव्या हाताची मूठ घट्ट आवळून, उजव्या हाताने ती छातीशी धरून वळली, आणि बाकाकडे न येता सरळ बाजूच्या दाराने बाहेर पडली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मास्तरांना राग आला नव्हता. आनंद झाला होता. दोन आठवडे ज्याची वाट पाहिली ते अखेर घडलं होतं, आणि फादरांना दाखवायला पुरावा मिळाला होता. देवाच्या अपमानाचा त्यांना आनंद झाला, आणि तो त्यांनी ओळखलाही. तरीही ते उठून धावलेच.

आता त्यांनी तिची बोटं एकेक करून उघडली. साठीतला माणूस, पण जोर बराच होता.

तळहात रिकामा होता.

नाही, अगदी रिकामा नव्हता. अंगठ्याखालच्या काळ्या भेगेत रव्याच्या दाण्याएवढा एक पांढरा कण होता. तो दोघांनाही दिसला. इस्पेरांसने हात मागे ओढला, मास्तरांनी पुढे, आणि पुन्हा पाहिलं तर भेगेत काहीच नव्हतं.

ती मटकन खाली बसली. तांबड्या मातीत, बारीक खडीत, डोळे जमिनीला लावून शोधू लागली.

"तुमीच सांगितलंत ना ओ," ती मान वर न करता म्हणाली. "कण ऱ्हायला तर हात धुवून पाणी प्यायचं म्हणून. खाल्ली मी ओस्ती, तिथंच फादरांसमोर खाल्ली. मग हाताला लागलेलं दिसलं. म्हणून इहिरीवर चालले होते."

फादरांनी हातावर घ्या म्हटलं, तिने घेतली. मास्तरांनी कण सांडू नका म्हटलं, तिने मूठ आवळली. दोघांच्या भांडणात दोघांचंही ऐकणारी ती एकटीच निघाली.

कण काही सापडला नाही. शेवटी ती विहिरीवर गेली, कळशी भरून आणली आणि त्या जागेवर हळूहळू ओतली. माती पाणी पिऊन टाकेपर्यंत ती हात जोडून उभी राहिली. मास्तर मात्र बायकांच्या नजरा पाठीवर घेऊन नुसते उभे होते. गुडघे टेकावेत हेसुद्धा त्यांना सुचलं नाही.

"माफी मागून या," फादर नंतर एवढंच म्हणाले.

"पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर मागतो, फादर."

"सगळ्यांसमोर नको. तिच्यासमोर मागा."

सगळ्यांसमोर मागणं किती सोपं होतं, ते मास्तरांना घरी पोचल्यावर कळलं. सोमवारी त्यांना पाठदुखी झाली. मंगळवारी पोस्टात काम निघालं. बायको, फिलोमेन, ताट वाढायची आणि लगेच आत जायची. बुधवारी दुपारी ती ताट ठेवून तिथेच उभी राहिली.

"फॅक्टरीतल्या बायका कामावर जाताना मला वाटेत भेटतात. तोंड कुठं लपवू मी? आज जाताय काय नाय?"

मास्तर गेले. वाटेवर त्यांनी वाक्य जुळवलं. 'इस्पेरांस, मी चुकलो. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, मला क्षमा कर.' तीनदा मनात म्हणून पाहिलं. छान बसलं होतं.

फॅक्टरीमागच्या चाळीत तिची एक खोली होती. नवरा मुंबईला गोदीत, घरात ती एकटीच. दार उघडंच होतं. मास्तरांना पाहिल्याबरोबर ती धडपडत उठली, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि त्यांना तोंड उघडायला अवकाशच न देता वाकून त्यांच्या पायांना हात लावू लागली.

"मास्तर, चुकलं ओ माजं! मी आदीच मूठ दाखवली असती, तर पडला नसता कण. माज्याच हातून पडला. तुमी किती सांगितलं होतंत, तरी मी ह्या असल्या हातावर घेतलं."

"अगं..."

"रविवारपासून जेवले नाय मी, कामावर पन गेले नाय. घास उतरत नाय. तुमीच तेवढे जाणते. लय मोठं पाप झालं काय ओ?"

तिचे डोळे सुजले होते. चुलीत राख थंड पडलेली होती. मास्तरांच्या जिभेवर ते जुळवलेलं वाक्य होतं. ओठ उघडायचे तेवढे बाकी होते. पण ती त्यांच्याकडे अशी बघत होती, की चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण मास्तर असल्यासारखं वाटलं. तीस वर्षं तबकडी धरून मिळवलेला सगळा मान त्या नजरेत परत उभा होता.

"असू दे," ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना भारदस्त वाटला. "देव दयाळू आहे. मी मनात काही ठेवलेलं नाही. आता जेव."

इस्पेरांसला रडू कोसळलं. मग डोळे पुसून तिने चूल पेटवली, शेजारून वाटीभर दूध आणलं आणि त्यांना चहा करून दिला. मास्तरांनी तो चहा घेतला. कप खाली ठेवेपर्यंत ते वाक्य अजून म्हणता आलं असतं. कप त्यांनी बराच वेळ हातात धरला, मग खाली ठेवला आणि निघाले.

फिलोमेन ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. नवऱ्याला येताना पाहून तिने सूप बाजूला ठेवलं. चार दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा माया दिसत होती.

"गेलात, बरं झालं. केलंन माफ तिनं?"

मास्तर पायरीवर बसले. वहाणा काढायच्या होत्या, पण हात पायांपर्यंत पोचेनात.

"तिनं नाही," ते म्हणाले. "मी केलं."