माळावरून आणलेलं

गारगोटी होती ती. वरून खडबडीत, मातकट, कुणीही पायानं उडवून पुढं जाईल अशी. पण फुटलेल्या बाजूनं पाहिलं की आत बारीक पांढरे टोकदार खडे, खडीसाखर दाबून भरावी तसे. अव्वाच्या डाव्या तळव्यात ती होती आणि अव्वाचा अंगठा त्या खड्यांवरून फिरत होता – पुढं, मागं, पुन्हा पुढं... श्रीदेवी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून आईच्या त्या अंगठ्याकडं बघत होती. तिनं काल पुण्याहून आणलेली शाल अव्वाच्या पायांवर पडली होती. नुसती पडली होती. पाय चोळायचं यंत्र अजून खोक्यातच होतं, आणि ‘बघ अव्वा, बटण दाबलं की आपोआप...’ हे तिचं अर्धं वाक्यही त्या खोक्याबरोबर कोपऱ्यात राहिलं होतं.

शिवरात्रीनंतर अव्वाची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. चार-सहा शब्द उरले, तेही कधी मराठी, कधी घरातलं कानडी. डॉक्टर म्हणाले, शब्द आहेत, पण चुकीच्या कप्प्यातून हाती येतात. पाणी हवं असलं तर दार म्हणतील. तेव्हापासून अव्वाला बघते ती शिवप्रिया, धाकट्या भावाची, बसवेशची बायको. बसवेशचं हमरस्त्यावर खताचं दुकान, रान शिवप्रियाच्या अंगावर; आणि ती रोज रानातून येताना पदरात काहीतरी घेऊन येते. खिडकीत ते सगळं मांडून ठेवलं होतं. सुगरणीचं घरटं, रुईचं फुटलेलं बोंड, गोगलगायीचे रिकामे शंख, तरवडाच्या शेंगा. दिवाळी म्हणून पणत्यांच्या मधेमधे तेच. दाराला बाजारचं तोरणसुद्धा नव्हतं. झेंडूत कुर्डूचे गुलबट तुरे ओवलेले होते, आणि ते सुंदर दिसत होतं, हेच श्रीदेवीला सोसत नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी बसवेशनं फोनवर सांगितलं होतं, अक्का, अव्वासाठी काही आणू नको, शिवप्रिया रानातनं आणती तेवढंच तिला लागतं. साधं बोलला तो. पण श्रीदेवी त्याच संध्याकाळी बाजारात गेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि प्रत्येक दुकानात तिच्या मनात एकच – तेवढंच? तेवढंच कसं लागेल? मी लेक आहे. मला ठाऊक आहे तिला काय लागतं...

दारात चपला वाजल्या. शिवप्रिया रानातून आली होती. कपाळावर घाम, पदर मुठीत गोळा केलेला. अव्वानं मान वळवली. तोंडाची धड बाजू हलली, आणि इतक्या महिन्यांत श्रीदेवीनं फोनवरही ऐकला नव्हता इतका स्वच्छ शब्द आला.

“श्रीदेवी.”

“ओ,” श्रीदेवी म्हणाली आणि उठली.

पण ‘ओ’ दोन आले होते. दुसरा दारातून. अव्वा दाराकडंच बघत होती, आणि दारातली शिवप्रिया चटका बसावा तशी थांबली होती. पदरातलं एक सीताफळ निसटून उंबऱ्यावर फुटलं. दोघींपैकी कुणीच ते उचललं नाही.

स्वयंपाकघरात श्रीदेवीनं तिला विचारलं, कधीपासून? आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटलं. शिवप्रिया तांब्या विसळत राहिली. पाठमोरीच म्हणाली, “आषाढापासून, अक्का. म्या एक दिवस मोरपीस आणलं, तवा त्यांनी तुमचं नाव घेतलं. आधी आधी म्या सांगायची, अव्वा, मी शिवप्रिया. मग त्या लई रडायच्या. दोन-दोन दिवस जेवायच्या न्हाईत. मग एकदा म्या ओ दिली... अन् जेवल्या.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू, अक्का? तुमचं नाव म्या घेतलंय म्हनून?”

तिच्यावर ओरडता येत नव्हतं, हेच तर. चोरीच म्हणायची ही, पण चोराच्या हाताला भेगा पडलेल्या, आणि चोरीचा माल म्हणजे तरी काय – एक हाक. पुण्याच्या घरात मला या नावानं कुणी हाक मारतं का? मॅडम, काकू, मम्मी. या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि तिनं ती दुसरीला दिली. आणि दुसरीनं ती घेतली, रोज घेतली, मी तिकडं शाली निवडत होते तेव्हा...

दुपारी अव्वा झोपल्यावर श्रीदेवी कुणाला न सांगता बाहेर पडली. पाडव्याची सुस्ती गावभर होती. दुकानांच्या मागून वाट माळाला लागते, ती तिच्या पायांना आपोआप सापडली. सोयाबीन निघालेली रानं उघडी होती, बांधावरची तूर पिवळी झाली होती. या माळावर ती सात-आठ वर्षांची असताना रोज यायची. फ्रॉकचा ओचा करून त्यात काय काय भरून न्यायची आणि अव्वापुढं चुलीजवळ ओतायची. अव्वा भाकरीचा हात तसाच ठेवून एकेक बघायची. छंद अद, म्हणायची. छान आहे. मग ते कोनाड्यात जायचं. कोनाडा भरला की दुसरा कोनाडा...

आणि मग ती सतरा वर्षांची झाल्यावर सोलापूरहून पाहुणे बघायला येणार होते, त्या सकाळी तिनंच ते सगळे कोनाडे खरवडून काढले होते. कचरा नुसता, लोक काय म्हणतील, असं म्हणाली होती. अव्वा फक्त केरसुणी घेऊन अंगणात गेली होती आणि बराच वेळ आत आली नव्हती. ती तिथं काय करत होती? केर भरत होती, की निवडत होती? इतक्या वर्षांत हे विचारावंसं वाटलं नाही. आणि आता विचारलं तर अव्वा पाणी म्हणेल, किंवा दार.

ती माळभर काहीतरी शोधत हिंडली. कुर्डूचे तुरे पुष्कळ होते, पण ते शिवप्रियानं आधीच नेलेले. एक गारगोटी सापडली, पण ती अव्वाच्या हातातल्या गारगोटीपेक्षा लहान. टाकली. शंख, टाकला. आपण दुकानात उलटंपालटं करून वस्तू नाकारतो तसंच हे चाललंय, हे तिला कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं. त्या बाईनं आणलं नाही असं काहीतरी हवं होतं. ऊन उतरायला लागलं तेव्हा निवडुंगाच्या कुंपणाखाली, एका बिळाच्या तोंडाशी, तिला साळिंदराचा काटा दिसला. वीतभर लांब, काळे-पांढरे पट्टे, टोकाला पांढराशुभ्र. तिनं तो उचलला आणि तिच्या तोंडून चक्क हसू फुटलं – हे नाही मिळालं तिला. हे नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी साडीला कुसळं लागलेल्या अवस्थेत ती भरभर घराकडं चालत आली, आणि वाटेत एकदाही तिच्या मनात अव्वाचा चेहरा आला नाही. शिवप्रियाचाच आला.

अव्वा जागी होती. श्रीदेवीनं तिच्या हातातली गारगोटी काढून घेतली – जरा घाईनंच – आणि काटा तळव्यावर ठेवला. अव्वानं तो उजेडाकडं धरला. अंगठा पट्ट्यांवरून गेला. काळा, पांढरा, काळा. टोकाशी जपून थांबला. डोळे हसले.

“छंद अद,” अव्वा म्हणाली.

श्रीदेवी पुढं वाकली, आता आता... पण अव्वानं मान स्वयंपाकघराच्या दिशेनं वळवली. काटा धरलेला हात जमेल तेवढा उंच केला, कुणाला तरी दाखवायला, आणि हाक मारली.

“श्रीदेवी.”

आत पोळपाटावर लाटण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. ‘ओ’ आला नाही. शिवप्रिया तिथं पिठाचे हात तसेच धरून उभी असणार, हे भिंतीपलीकडूनही कळत होतं. ती वाट सोडून उभी होती. जागा रिकामी करून.

“श्रीदेवी,” अव्वा पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज जरा कापला.

ओ श्रीदेवीच्या जिभेवर होता. नुसता सोडायचा होता. पण तो सोडला की अव्वा मान वळवेल, इकडं बघेल, आणि इकडं तिला कोण दिसेल? जिला काटा दाखवायचाय ती, की जिनं कोनाडे खरवडले ती? की नुसती पुण्याहून आलेली एक बाई? अव्वाची हनुवटी थरथरायला लागली होती. आता ती रडेल, मग जेवणार नाही, उद्या भाऊबीज... दे ना गं, श्रीदेवी मनात म्हणाली, दे की ओ, तुला सवय आहे. आणि असं म्हणतानाच तिच्या लक्षात आलं की सकाळपासूनचा जाळ जराही विझलेला नाही, उलट आता तो पोटात खोल जाऊन बसला आहे. आतून ओ यावा असं तिला जिवाच्या आकांतानं वाटत होतं, आणि तो आला तर ती बाई आपल्याला जन्मात सोसवणार नाही, हेही तितकंच खरं.