भोंग्याच्या तोंडात कापूस

मे महिन्यात नागपुरात एसी बंद करून, दार लावून, भरदुपारी खोलीत बसणं हे काही डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचं काम नाही. पण प्रेमिलाताई सुखदेवे बसल्या होत्या. नुसत्या बसल्या नव्हत्या, दोन कंपन्यांच्या माणसांनाही घाम पुसत बसवलं होतं. "मशीन इथं राहणार आहे ना? मग इथलं ऊन त्याले आधी चाखू द्या," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यापुढे बोलायची हिंमत लॅबमध्ये कोणाची नव्हती.

गांधीबागेतल्या त्या लॅबचा कॉम्प्युटरचा सगळा कारभार ताईंकडे. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सीटी स्कॅन, पेशंटचं जे काही असेल ते सगळं आता ह्या खोलीतल्या स्टोरेजच्या डब्यात. डबा हा ताईंचा शब्द. कंपनीवाले त्याला लांबलचक इंग्रजी नावं देत, ताई शांतपणे ऐकून घेत आणि मग विचारत, "बरं, तर ह्या डब्यात डिस्का किती?" जुना डबा भरत आला होता आणि रात्रंदिवस कुरकुरत होता. नवा कोणता घ्यायचा ते ठरवा आणि मगच महिनाअखेरीला रिटायर व्हा, असं डॉक्टर अर्णवनी सांगितलं होतं. अर्णव म्हणजे लॅब काढणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. मोठे डॉक्टर आता नाहीत.

एक जण येऊन सांगून गेला होता की डबा कशाला, सगळं इंटरनेटवरून आमच्याकडे ठेवा, महिन्याचं भाडं भरा, निवांत झोपा. ताईंनी त्याला खिडकीशी नेलं आणि खालचा खणलेला रस्ता दाखवला. "ह्या खड्ड्यातून तुमची केबल येते. ती कितींदा तुटते, खाली पानठेल्यावर विचारून घ्या, आणि मग मले झोपायचं सांगा." तो बिचारा पुन्हा आला नाही.

उरले दोघं. पुण्याच्या मोठ्या कंपनीचा पियुष, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. आणि दुसरा अंकुश रेवतकर, सीताबर्डीवर छोटं दुकान असलेला, स्वतः डबे जोडून विकणारा. दोघांनीही चालू डब्यातून एक डिस्क सर्रकन ओढून दाखवली होती आणि दोघांच्याही डब्याला काही झालं नव्हतं. पियुषचा डबा वेगात थोडा पुढे. अंकुशचा बराच स्वस्त, शिवाय बिघडला तर पुण्याहून माणूस दुसऱ्या दिवशी येणार आणि अंकुश गाडी काढून अर्ध्या तासात हजर. पारडं कुठंच झुकत नव्हतं. म्हणून ही उन्हाची परीक्षा, कारण दर मे महिन्यात एसी बंद पडायचा आणि तो हटकून रविवारीच पडायचा.

खरं सांगायचं तर पारडं ताईंच्या मनात कधीच झुकलं होतं. अंकुश त्यांच्या हाताखाली शिकलेला. नरखेड तालुक्यातल्या कुठल्याशा खेड्यातून, बापाची संत्र्याची बाग सोडून, हा काडीपैलवान टायपिंगच्या नोकरीला आला होता तो ह्याच खोलीत. ताईंनी त्याला माऊस धरायला शिकवला होता, आपल्या डब्यातली भाजी खाऊ घातली होती. त्याचा डबा जिंकावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, अगदी पोटच्या पोराचा निकाल असल्यासारखं.

घाम कानामागून ओघळू लागला तसे त्यांना जुने दिवस आठवले.

तेव्हा इथं एसी कुठला! खिडकीला भला मोठा कूलर. लॅबची झाडलोट करणारी सिंधूताई सकाळी बादल्या भरून त्यात पाणी ओतायची, वाळ्याच्या ताट्या भिजल्या की तो गार वास खोलीभर पसरायचा, आणि बाहेर कितीही जाळ असो, आत माणसाला दोन घटका आपण श्रीमंत आहोत असं वाटायचं. ओलसर हवेनं मशीन खराब होतं हे कोणाच्या गावी होतं? नागपुरात गरम झालं की कूलर लावायचा, मग तो माणूस असो की कॉम्प्युटर.

त्या जुन्या कॉम्प्युटरला एक भोंगा होता. आतून तापला की बोंब ठोकायचा, अशी की शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले मोठे डॉक्टर ओरडायचे, "अरे, त्या लेकराले कोणी दूध पाजा रे!" मग एक दिवस ताईंनी त्या भोंग्यावर कापसाचा बोळा दाबला आणि वरून चिकटपट्टी मारली. लॅबच ती, कापसाला काय तोटा? पुढे ते काम अंकुशनं आपल्याकडे घेतलं. डॉक्टर दारात येऊन विचारायचे, "आज मशीन गप्प कसं?" की हा पठ्ठ्या लगेच मान वर करून पंख्याकडे बघायचा, जणू पंखा आत्ताच नवीन बसवलाय. ताईंना हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी ते मशीन जळलं. भोंगा ओरडला असेल बिचारा, पण तोंडात कापूस, खालच्या चौकीदाराला ऐकू कसं जाणार? वर्षभराचे रिपोर्ट गेले. आता नोकरी गेली म्हणून ताई रडायला लागल्या, तर मोठे डॉक्टर रागावलेच नाहीत. त्यांनी कपाटं उघडली, कार्बन कॉप्यांचे गठ्ठे काढले आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. "मी वाचतो, तुम्ही टाइप करा." झालं! सगळी लॅब कामाला लागली. अंकुशच्या आईनं एसटीच्या कंडक्टरच्या हाती पोतंभर कैऱ्या पाठवल्या, सिंधूताईनं पन्हं केलं. डॉक्टर आकडे वाचायचे, मधेच गाणं म्हणायचे, कोणी चुकलं की त्याला सगळ्यांचे उष्टे पेले धुवायची शिक्षा. सगळं पुन्हा उभं राहिलं. नोकरीतले सगळ्यांत सुखाचे दिवस कोणते, असं कोणी ताईंना विचारलं असतं तर त्यांनी डोळे मिटून तेच दिवस सांगितले असते. काय माणसं होती ती! आठवलं की अजून ऊर भरून येतो.

पीं... पीं... पीं...

पियुषचा डबा ओरडू लागला होता. लाल दिवा लागला, बोंब वाढत गेली, आणि थोड्या वेळानं डबा आपला आपण बंद झाला. शहाण्या पोरानं दमल्यावर खाली बसावं तसा.

"सर, तो बिघडला नाही," बोंब ऐकून आत आलेल्या अर्णवला पियुष घाईघाईनं म्हणाला, "डिस्का जळू नयेत म्हणून तो स्वतःच..."

"बंद पडला की नाही, तेवढं सांगा," अर्णव म्हणाला आणि दुसऱ्या डब्याकडे वळला.

अंकुशचा डबा चालूच होता. हिरवे दिवे टिमटिमत होते, स्क्रीनवर एक्स-रे उघडत होते. आणखी वेळ गेला. तरी चालू! अर्णवनं टाळीच वाजवली. "वा, रेवतकर! नागपूरचं ऊन नागपूरच्याच डब्याला सोसतं. ऑर्डर आजच घेऊन जा. ताई, लिहून टाका."

ताईंचा जीव भांड्यात पडला. उठल्या आणि कौतुकानं, पाठीवर ठेवावा तसा, अंकुशच्या डब्यावर हात ठेवला. चटका बसला. गरम तव्यावर पडल्यासारखा हात मागे आला.

एवढा तापलाय, आणि चूं नाही की चां नाही.

त्यांनी अंकुशकडे बघितलं. अंकुश मान वर करून छताकडे बघत होता. आता तिथं पंखा नव्हता. नुसतं पांढरं छत होतं.

एसी लावायला सांगून ताई अंकुशला घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या. बाकांवर पेशंट बसले होते.

"अंकुश, भोंगा बंद केला ना तू?"

तो गाडीची किल्ली बोटात फिरवू लागला.

"आन् तापल्यावर बंद होते, तेही काढून टाकलं. हो ना? बोल ना बाबू, काहून केलं?"

"ताई, तुमीच तं शिकवलं," तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यातच विझलं. "बसवताना सगळं चालू करून देतो ना मी. तुमची शप्पथ. आजच्या दिवसापुरतं केलं. ह्या ऑर्डरवर दुकान हाये ताई माझं. कामाले पोरं हायेत. त्यायले काय सांगू मी?"

ताईंना भडभडून आलं. गप्प राहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? महिनाअखेरीला हार घालून घ्यायचा, मनीषनगरला घरी जाऊन बसायचं. आणि पोराचं दुकान उभं राहिलं असतं. मोह झाला, खोटं कशाला बोला. चांगला घट्ट मोह झाला.

समोरच्या बाकावर काटोलकडची एक बाई डोक्यावर पदर घेऊन बसली होती. मागच्या वर्षीच्या स्कॅनमध्ये गाठ होती, ती यंदा वाढली की घटली, हे आत डॉक्टर दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी उघडून बघत होते. बाई दाराकडे टक लावून होती.

"हो, मीच शिकवलं," ताई म्हणाल्या. "आन् आपण मजेत पन्हं पिऊन राहिलो होतो, कारण कपाटात कार्बन कॉप्या होत्या. आता कपाटात काय हाये, सांग मले. फिल्मसुद्धा छापत नाही आपण. हा डबा जळला तं ह्या बाईची मागच्या सालची गाठ तू कुठून टाइप करशील?"

अंकुशनं त्या बाईकडे बघितलं.

"मी आत जाऊन काही सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "तुले शिकवलं मी, तुझं नाव मी नाही खराब करणार. पण सहीही नाही करणार. तू काय करायचं ते ठरव."

त्या तिथंच उभ्या राहिल्या. अंकुश आत गेला. आतलं बोलणं ऐकू आलं नाही, आणि मग अचानक बोंब सुरू झाली. अंकुशचा डबा. त्यानं सगळ्यांसमोर भोंगा आणि तापल्यावर बंद व्हायची सोय, दोन्ही चालू केलं होतं. तो आवाज व्हरांड्यात आला, बाकांवरची माणसं दचकली, आणि ताईंना वाटलं की आता शेजारच्या खोलीतून मोठे डॉक्टर ओरडणार, त्या लेकराले कोणी दूध पाजा रे. त्यांनी पदर डोळ्याला लावला. थोड्या वेळानं डबा आपला आपण बंद झाला.

अर्णव भडकला. भडकणारच! अंकुशला चार गोष्टी सुनावल्या, त्या त्यानं मान खाली घालून ऐकल्या. ऑर्डर पियुषला गेली. ताईंनी कागदावर सही केली, अक्षर नेहमीसारखंच आलं.

संध्याकाळी अंकुश आपला डबा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवत होता. ताईंना वाटलं, हा आता आपलं तोंडही बघणार नाही. पण त्यानं पुढचं दार उघडून धरलं. "चला, मनीषनगरले सोडतो. ह्या गरमीत ऑटोनं कुठं जाता?"

त्या बसल्या. पट्टा लावायला गेल्या तर खाचेत आधीच एक सुटी क्लिप अडकवलेली.

"हे काय रे?"

"बेल्ट लावला नाही की गाडी ओरडते ना," अंकुश म्हणाला, आणि बोलता बोलताच थांबला. दोघांनीही एकमेकांकडे बघितलं. "बाजारात मिळते ही. वीस-तीस रुपयात. गाडी गप्प राहते."

ताई आधी हसल्या, मग हसता हसता रडायलाच लागल्या. "काय करू मी तुझं, पोरा? काय करू?"

अंकुशनं हात लांब करून ती क्लिप उपटली आणि खिडकीतून कचऱ्याच्या ढिगावर भिरकावली. आपल्या बाजूची काढली, तीही भिरकावली. गाडी सुरू केली तशी ती जोरजोरात ओरडू लागली. गांधीबागेतल्या कापड दुकानांतली पोरं वळून बघायला लागली. दोघंही काही वेळ तसेच बसून ती बोंब ऐकत राहिले.

मग ताईंनी डोळे पुसले आणि पट्टा लावला.