शेवटच्या गाण्याची चाल

सिंधूबाई गेल्याची बातमी मेहकरला बुलढाण्याच्या दुपारच्या बसने आली. कंडक्टर स्टँडसमोरच्या शिलाईच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "महादेवराव, मशीन थांबवा." महादेवरावांनी हातातली शिवण पुरी केली आणि मग पाय थांबवला. बुलढाण्याला कॉलेजच्या हॉलमध्ये पोरांना गाणं शिकवता शिकवता बाई खाली बसल्या होत्या. त्या उठल्याच नाहीत.

तेरा दिवस लोक येत-जात राहिले. महादेवरावांच्या डोक्यातून एकच गोष्ट जाईना. शेवटच्या वेळी बायकोजवळ ती पोरं होती, आपण नव्हतो.

चौऱ्याहत्तर साल होतं. पोरं गॅदरिंगसाठी गाण्यांचं नाटक बसवत होती. जुन्या संगीत नाटकासारखं नव्हे. यात गिटार होती, लग्नाच्या बँडमधला ड्रम होता, आणि गोष्ट सोळा वर्षांच्या मुलीची होती. तिला स्टेजवर गायचं असतं आणि घरचे जाऊ देत नाहीत. बारा गाणी, सगळी बाईंनी लिहिलेली. बाई मेहकरच्या शाळेत शिकवायच्या; शनिवारी शाळा सुटली की त्या बस धरायच्या, बहिणीकडे मुक्काम करायच्या आणि रविवारी परतायच्या.

"एवढं काय असते तिथं?" महादेवराव विचारायचे.

"काही नाही हो. पोट्टे नुसता धिंगाणा करतात," म्हणून त्या एकट्याच हसायच्या.

चौदाव्या दिवशी दोघं दुकानात आले. गिटार वाजवणारा अर्जुन, कानावर केस वाढवलेला, आणि नाटकातली मुलगी होणारी जनका.

"काका, नाटक करूनच राह्यलो आम्ही. बाईसाठी," अर्जुन म्हणाला.

"करा. मले काऊन सांगता?"

"शेवटचं गाणं अडलं."

जनकाने वही पुढे केली. भजनाच्या वहीत असतं तसं बाई प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर चाल लिहायच्या. 'चाल: जात्यावरची, पण पळती.' 'चाल: वरात दारात आल्यावरची.' बाराव्या गाण्यावर लिहिलं होतं, 'चाल: यांना विचारा.'

पहिली ओळ वाचताच महादेवरावांना चाल कळली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी ती पेटीवर बांधली होती. तिला शब्द नव्हते. भाकरी थापताना सिंधूबाई ती गुणगुणायच्या. वीस वर्षांत ती घराबाहेर गेली नव्हती. आणि आता तिच्यावर शब्द बसवून बाईंनी ती या पोरांना देऊन टाकली होती, न विचारता.

"बाईची स्वतःचीच गोष्ट आहे न ही," जनका म्हणाली. "सोळाव्या वर्षी रोहिणखेडहून पळून बुलढाण्यापावेतो आल्या होत्या, नाटकात जायले. वडिलांनं स्टँडवरून वापस नेलं. तुम्हाले तर माहीतच असन."

"हाव," महादेवराव म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं.

"तुमची नक्कल बी करत," अर्जुनला हसू आलं. "सुई दातात धरून बोलता न तुम्ही, तशी. आम्ही लय हसू."

महादेवरावांनी दातातली सुई काढून सुयांच्या गादीत खोचली.

"मले नाही येत अशी कोणती चाल."

"पण काका, बाईनं लिहिलं आहे…"

"बाईनं तुम्हाले एवढं सांगितलं, हे बी सांगितलं असन. आठवा."

गॅदरिंगला ते गेले आणि मागच्या बाकावर बसले. अकरा गाण्यांना पोरं बाकांवर चढून नाचली. जनका गाताना डावा हात कमरेवर ठेवायची, अंगठा पुढे. सिंधूबाई चुलीपाशी तशाच उभ्या राहायच्या. पोरीने तेही घेतलं होतं. शेवटी गिटार थांबली आणि जनकाने बारावं गाणं नुसतं बोलून दाखवलं. लोकांना वाटलं, तसंच असेल. टाळ्या वाजल्या.

बाहेर अर्जुनने गाठलं. "काका, पुढच्या महिन्यात अकोल्याले प्रयोग आहे. काही आठवलं तर पाहा."

"पाहू."

अकोल्याचा प्रयोग झाला. नंतर खामगावचाही झाला. महादेवरावांनी चाल अजून सांगितलेली नाही.